गोलसमोरचं पाणी

नागपुरातल्या कुठल्याही लग्नात पंगतीला बसले की हा प्रश्न मला येतोच. ताटात वडाभात पडलेला असतो, वरून फोडणीचं तेल येत असतं, आणि शेजारची मावशी कोपरानं ढोसून विचारते, "तू काय करून राहिली वं सध्या?"

"हॉकी खेळते मावशी. बर्फावरची."

मावशीचा घास हातातच राहतो. "बर्फावरची? नागपुरात बर्फ कुठं हाय वं? रसवंतीवाल्यापाशी?"

पलीकडची म्हणते, "मच्छीबाजारात राहते ना बर्फ. तिथंच खेळत असंन."

पंगत हसते. मीही हसते, कारण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते. मग सांगते, की लडाखमधल्या एका संघाची मी गोलकीपर आहे, हिवाळाभर तिकडं असते, आणि खेळण्याचा पगार घेते. पगार म्हटलं की मावशी पुन्हा जेवायला लागते. छंद असता तर तिनं आणखी चार प्रश्न विचारले असते.

मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, माझ्याआधी विमानात कोणी बसलं नव्हतं, आणि बर्फावर उभं राहायचं तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

आम्ही राहतो वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला, भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत. बाबा तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये हमालांचे मुकादम. ट्रक लागला की माणसं उभी करायची, थप्पी सरळ लागते की नाही ते पाहायचं, ड्रायव्हरची कुरकुर ऐकायची. रविवारी गोडाऊन बंद. आणि माल उठलेला असला की मधली सगळी फरशी मोकळी. सिमेंटचीच, पण पोती ओढून ओढून अशी गुळगुळीत झालेली, की चप्पल घसरायची.

आमच्या शाळेतले खेळाचे सर चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीसाठी जागा शोधत फिरत होते. ते एकदा बाबांना भेटायला आले आणि फरशी पाहून दारातच थांबले.

"मुकादम, ही फरशी म्हणजे सोनं आहे."

बाबा म्हणाले, "सोनं असतं त मालकानं उचलून नेलं असतं, सर."

पण बाबांनी मालकाला विचारलं आणि रविवारची सकाळ मिळवून दिली. मिळवून दिली म्हणजे माझ्यासाठी नाही. मी तेव्हा नुसती पाहायला गेले होते. अंगानं आडवी, पळायला जड. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा गोलकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू तिथं उभी राह. अर्धा गोल तर असाच भरला."

मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पायांवर बांधायचे पॅड विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. बाबांनी बारदान्याच्या दोन थरांमध्ये फोम भरला आणि दाभणानं सुतळी घालून शिवून दिलं. त्यावर एका खताच्या कंपनीचा शिक्का उलटा आलेला होता. पहिली दोन वर्षं मी तेच बांधून उभी राहिले. चेंडू लागला की त्यातून बारीक धूळ उडायची.

धूळ हीच त्या गोडाऊनची मोठी भानगड. गव्हाचा कोंडा, सिमेंट, खताची भुकटी, आणि मिरचीच्या दिवसांत भिवापूरकडून येणारी पोती. ती पोती हलवली की सगळ्या फरशीवर लाल भुकटी बसायची. त्या रविवारी आम्ही खेळायला सुरुवात केली की दोन्ही संघ शिंकत सुटायचे आणि गोल झाला की नाही हे पाहायला कोणाचेच डोळे उघडे नसायचे. चाकंही धुळीवर घसरायची ती वेगळीच.

बाबांनी एकदा हातात बादली दिली. "आधी पाणी शिंपड. मंग झाडू मार. कोरडं काहून झाडतं?"

तेव्हापासून आमच्याकडं पद्धतच पडली. झाडायचं सगळ्यांनी मिळून, पण गोलसमोरचं पाणी गोलकीपरनं शिंपडायचं. खेळ सुरू होण्याआधी पुन्हा एकदा, हातानं, थोडंसं. ओल धरली की धूळ बसते, चाक नीट पकडतं, आणि मनही जरा जागेवर येतं. पुढं आम्ही बाहेरगावी स्पर्धांना जायला लागलो, चांगल्या पक्क्या मैदानांवर, तरी मी बाटली घेऊन गोलसमोर तीन-चार थेंब उडवल्याशिवाय उभी राहत नसे. एका पंचानं विचारलं होतं, "ये क्या है, पूजा?" मी म्हटलं, "नाही सर, धूळ बसवून राहिली." तिथं धूळ नव्हतीच. पण हात ऐकत नव्हता.

बाबांची माझ्या खेळाला हरकत नव्हती, अट होती. "खेळ. पण डिगरी पायजे. गोल अडवला त टाळ्या वाजते, डिगरी भिंतीवर राहते." मी बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी बाबांनी गोडाऊनमध्ये पेढे वाटले आणि टोळीतल्या प्रत्येकाला गुणपत्रिका दाखवली. ती नक्की कुठल्या बाजूनं वाचायची हे बाबांना माहीत नव्हतं, म्हणून ते फक्त माझ्या नावावर बोट ठेवायचे. त्यावर आजही कोणी हसलं तर मला चालत नाही. डिगरीला चौकट केली, टीव्हीच्या वर लावली, बुद्धाच्या मूर्तीच्या शेजारी. आईनं रोज दोन्ही पुसायचा नेम धरला.

डिगरीवर नोकरीही लागली. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात, बिलाच्या काउंटरवर. काचेमागं बसायचं, समोरून रागावलेली माणसं येणार, आपण आवाज चढू द्यायचा नाही. मला ते जमलं. गोलमध्ये उभं राहून दुसरं काय केलं होतं? बाबा वाडीतल्या चहाच्या टपरीवर सांगायचे, "पोरगी रामदासपेठेत बसते. एशीत." एसीला बाबा एशी म्हणतात.

बर्फ आला तो या सगळ्याच्या मध्येच, कॉलेजात असताना. चाकांवर खेळणाऱ्यांमधूनच राज्याचा बर्फावरचा संघ करतात, कारण आपल्याकडं बर्फावर लहानाचं मोठं झालेलं कोण आहे? सर म्हणाले, "काही वेगळं नाही. चाकाच्या जागी पातं, एवढंच." सर स्वतः कधी बर्फावर उभे राहिले नव्हते. पहिल्या दिवशी बंदिस्त मैदानावर, मशीननं गुळगुळीत केलेल्या बर्फावर, मी गोलमध्ये उभी राहिले. उजवीकडून फटका आला, मी चाकांवर करायचे तसं अंग उजवीकडं ढकललं. आणि थांबलेच नाही. गोल मागं राहिला, मी कडेच्या फळीला जाऊन लागले. सर काचेपलीकडून ओरडत होते, "अगं, गोल इकडं आहे! इकडं!"

मग हळूहळू पातं कळायला लागलं. चाकांवर थांबायचं तर मागचा पाय आडवा ओढायचा. बर्फावर दोन्ही पाती एकदम आडवी करायची आणि बर्फ खरवडायचा. पकचीही सवय झाली. पक म्हणजे चेंडूच्या जागी वापरतात ती रबराची जाड चकती. आम्ही हरायचो. उत्तरेतल्या संघांसमोर तर गोल मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. पण त्यात माझा एक फायदा झाला. ज्या गोलकीपरवर दिवसभर फटके येत राहतात, तीच सगळ्यांना दिसते. लडाखच्या एका क्लबची कप्तान एकदा सामना संपल्यावर मुद्दाम माझ्यापर्यंत आली. उंच, गालांवर उन्हानं पडलेले तांबूस चट्टे. म्हणाली, "तेरी टीम चली जाती है, तू खड़ी रहती है." आणि गेली.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला. त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला होता. तिकडं हिवाळ्यात क्लबांची साखळी स्पर्धा भरते, आणि तिचा क्लब खेळाडूंना पगार देतो. जागा एक होती, ती त्यांच्याच गावातल्या एका मुलीला किंवा मला. येऊन एक सराव सामना खेळायचा, मग प्रशिक्षक ठरवणार.

हॉस्पिटलातल्या मॅडमनी पंधरवड्याची रजा दिली. भल्या बाई. पण स्पष्ट बोलल्या, "त्याच्यापुढं एक दिवस नाही. आली तर खुर्ची तुझी, नाही आली तर दुसरीची."

घरी बोलायला बसले तेव्हा आई भिवापूरहून आलेली मिरची निवडत होती. तिचं माहेर तिकडचं. लग्नाआधी ती सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात त्या आवारात, देठं मोडायला जायची. अजूनही मामा मिरची पाठवतो आणि ती स्वतःच्या हातानंच देठं मोडते.

बाबा म्हणाले, "समज निवडलं. मंग?"

"मग हिवाळाभर तिकडं. उन्हाळ्यात इकडं शिबिरं घेईन, मुलींना शिकवीन."

"आन् हॉस्पिटल?"

"सुटेल."

"एशी सोडून बर्फात जाते म्हणते. गारच पायजे होतं त मले सांगतं, एशी वाढवायले लावला असता मॅडमले."

"मजाक करू नका जी," आई म्हणाली. "पोरगी विचारून राहिली."

बाबांनी एक मिरची उचलून तिचं देठ मोडलं. मग म्हणाले, "मले नोकरी समजते. खेळाची नोकरी मले समजत नाई. आपल्यात कोणी केली नाई, त मी काय सांगू? तू जाऊन पाहून ये. नाई निवडलं त लाज धरू नको, खुर्ची हाय."

आईनं एवढंच विचारलं, "तिकडं बुद्धाचेच लोक राहतेत ना वं? मंग नको फिकीर करू." आणि मिरचीच्या ठेच्याची बरणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधली.

मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. काउंटरवर बसायची मला लाज नव्हती, आजही नाही. पण त्या काचेमागं माझ्यासारख्या पुष्कळ जणी बसू शकत होत्या. गोलमध्ये उभं राहणं हे एकच काम असं होतं, की ज्यासाठी कोणीतरी एवढ्या लांबून मला फोन केला होता.

लडाखला कप्ताननं मला तिच्याच घरी ठेवलं. सकाळी तिची आई बुद्धासमोर सात पितळी वाट्या मांडून पाणी भरायची, काठोकाठ, एकही थेंब न सांडता. मी जवळ बसून पाहायचे. श्वास घेतला की छातीत सुई टोचल्यासारखं व्हायचं. पहिले दोन दिवस तर जिना चढूनही धाप लागायची आणि कप्तान म्हणायची, "नागपूर, धीरे."

मैदान म्हणजे गावाबाहेर मातीचे बांध घालून गोठवलेलं तळंच. वर छत नाही, मशीन नाही. संध्याकाळी ऊन गेलं की संघातल्या मुली पाणी सोडून बर्फाचा थर चढवायच्या. मी पोचले त्या दिवसांत थर चढवून झालेला होता, त्यामुळं ते काम कसं करतात ते मला पाहायला मिळालं नाही.

सामन्याच्या सकाळी मी लवकर जाऊन बसले. माझ्याआधी मुलांचा सराव होऊन गेला होता, आणि त्यांच्या पात्यांनी खरवडलेल्या बर्फाची पांढरी भुकटी सगळीकडं पडली होती. गोलसमोर तर जास्तच. पिठासारखी, बारीक. मी त्या भुकटीकडं पाहिलं. थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. झाकण कधी उघडलं ते आठवत नाही. बोटं बुडवली आणि गोलसमोर शिंपडलं, नीट, आमच्या रविवारसारखं. एवढी भुकटी म्हणून जरा जास्तच शिंपडलं. भुकटी बसली. मला बरं वाटलं. मग बाकावर जाऊन पॅड बांधायला घेतले.

सामना तीन भागांचा असतो आणि दर भागाला संघ बाजू बदलतात. प्रशिक्षकांनी ठरवलं होतं, पहिले दोन भाग मी, तिसरा भाग ती गावातली मुलगी. ती माझ्याहून लहान, कोणाशी न बोलणारी. तिनं मला वाकून नमस्कार केला होता, मी तिला ठेच्याची बरणी दाखवली होती. एवढीच आमची ओळख.

पहिल्या भागात समोरच्या संघाचा एक साधा फटका आला. लांबून, जमिनीलगत, वेग नसलेला. असे फटके मी झोपेतही अडवले असते. मी काठी बर्फाला टेकवून ठेवली, पक सरळ येत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर तो एकदम उडाला, बेडकासारखा, काठीवरून, पॅडच्या वरून, आणि मागं जाळीत जाऊन पडला.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी बर्फाकडं पाहिलं. जिथं मी पाणी शिंपडलं होतं तिथं थेंबा-थेंबाचे कडक दाणे उभे राहिले होते. कोणी साबुदाणा सांडून वर डिंक ओतावा, तसे.

तो भाग संपेपर्यंत मी गोलच्या पुढं येऊन खेळले, दाण्यांच्या अलीकडंच सगळं अडवायचा प्रयत्न करत. शिट्टी वाजल्यावर कप्तान आली, हातमोजा काढून तिनं बोटांनी ते दाणे चाचपले.

"ये किसने किया?"

"मैंने."

"पानी डाला? क्यों?"

जे खरं होतं ते सांगितलं. "धूल बिठाने के लिए."

मागं उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी ऐकलं. एकीनं दुसरीला त्यांच्या भाषेत सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मग सगळ्या फळीभर हशा पसरला. "धूल! बर्फ पे धूल!" समोरच्या संघाची गोलकीपरसुद्धा पोट धरून हसत होती, आणि तिला तर आता त्याच गोलमध्ये उभं राहायचं होतं.

कप्तान हसली नाही. तिनं एका मुलीला हाक मारली, मुलगी पत्र्याचं खोरं आणि गरम पाण्याची बादली घेऊन आली. बादलीत जाड फडकं. कप्ताननं खोऱ्यानं दाणे खरवडून काढले, फडकं पिळलं आणि बर्फावरून एक पट्टा ओढून दाखवला. पाण्याचा पातळ थर बसला आणि बघता बघता गोठला. "ऐसे. छिड़कना नहीं. समझी?"

ती पुढं काहीतरी सांगत होती, पण मी गुडघ्यावर बसले होते आणि फडकं माझ्या हातात आलं होतं. हे तर सारवण होतं. भिवापूरला मामाच्या अंगणात आईनं मला किती वेळा बसवलं होतं. पाणी जास्त झालं की पोपडे धरते. कमी झालं की हाताचे ओरखडे दिसते. हात उचलायचा नाही, अर्ध्या गोलात फिरवायचा, आणि आपण मागं मागं सरकत यायचं, म्हणजे सारवलेल्यावर पाय पडत नाही. मी तशीच मागं सरकत आले, पॅड बांधलेल्या गुडघ्यांवर, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. फडकं दोनदा बुडवलं. वर आले तेव्हा गोलसमोरची जागा काळसर आणि सपाट दिसत होती.

कप्ताननं त्यावर पातं फिरवून पाहिलं. "ये कहाँ सीखा?"

"माँ से. गोबर पे."

यावर मात्र ती हसली.

दुसऱ्या भागात मी पलीकडच्या गोलमध्ये गेले. तिथं मी काहीच शिंपडलं नव्हतं. त्या भागात माझ्यावर बरेच फटके आले आणि मी एकही आत जाऊ दिला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. जे झालं ते सांगते. एक तर अगदी जवळून, खांद्याच्या उंचीवर आला होता. हातमोज्यात बसलेल्या त्या पकचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग तिसरा भाग. बाजू बदलली, आमचा संघ परत पहिल्या गोलकडं आला, आणि त्या गोलमध्ये ती गावातली मुलगी उभी राहिली. मी बाकावर. आता ती माझ्या सारवलेल्या जागेवर उभी होती. मनात काय काय आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण एवढं खरं, की पहिला फटका जमिनीलगत आला, अगदी माझ्यासारखाच, तेव्हा मी पककडं नाही, बर्फाकडं बघत होते. पक त्या जागेवरून सपाट गेला. कणभरही उडाला नाही. तिनं काठी टेकवून तो अडवला, शांतपणे, जसा मी अडवायला हवा होता. आणि मला, माझ्याच बाकावर बसून, बरं वाटलं. जागा आपल्या हातानं नीट झाली, तर नीट झाली. त्यापुढं तिनं आणखी बरंच अडवलं. तिचं पायकाम माझ्यापेक्षा चांगलं होतं. बर्फावर जन्म काढलेल्या माणसाचं असतं तसं.

सामना एक-एकनं सुटला. प्रशिक्षक म्हातारे, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. ते मला बाजूला घेऊन गेले आणि हिंदीत, फार न घुमवता म्हणाले, "पहली गोलकीपर वो. दूसरी तू. पगार दोनों को. वो बीमार पड़ी, चोट लगी, या खराब खेली, तो तू. नहीं तो बेंच."

"त्या गोलमुळं?" मी विचारलं. मराठीतच निघालं, पण त्यांना कळलं.

"नहीं. वो बर्फ जानती है. तू अगले साल जानेगी."

खोटं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगितलं म्हणून मी त्यांना आजही मानते.

रजा संपायला अजून थोडे दिवस होते. आत्ता निघाले असते तर खुर्ची होती, एसी होता, बाबांची टपरीवरची ऐट होती. राहिले असते तर बाक. कदाचित सगळा हिवाळा, एकदाही गोलमध्ये उभं न राहता. जी जागा मागायला आले होते ती मिळाली नव्हती. तिच्या शेजारची मिळाली होती. दुपारच्या उन्हात, जिथं फोनला रेंज येते त्या भिंतीपाशी उभी राहून मी घरी फोन लावला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी शिंपडल्याचंही.

"म्हणजे माहीच चूक म्हण ना," ते म्हणाले. "म्याच शिकवलं तुले."

"तुम्ही गोडाऊनचं शिकवलं जी. बर्फाचं कोण शिकवणार होतं?"

"आन् सारवणं कोणाचं कामी आलं?"

मागून आईचा आवाज आला, "माहं! सांग तुह्या बाबाले, माहं!"

बाबा हसले. मागं, घराबाहेरच्या रस्त्यावर, ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता. "दुसरी म्हणजे काय करते दुसरी?"

"बसते. सराव सगळा करते, पण सामन्यात बसते. पहिलीला काही झालं तर खेळते."

"बसायचे पैसे देते?"

"देते."

"रामदासपेठेतही बसायचेच देते."

"हाव."

"तिथं खुर्चीवर, इथं बाकावर."

"हाव बाबा."

"मंग बसायचंच हाय, त जिथून खेळ दिसते तिथं बस. खुर्चीवरून काय दिसते? दुसऱ्याची बिमारी." बाबांनी घसा साफ केला. "मी मॅडमले जाऊन सांगू का तू सांगशीन?"

"मीच सांगेन. माझी नोकरी आहे."

"हाव, तुहीच सांग. तू शिकेल हाय."

मॅडमना मी त्याच भिंतीपाशी उभी राहून फोन केला. त्या म्हणाल्या, "बघ बाई, परत आलीस तर जागा असेलच असं नाही." मी म्हटलं, "माहीत आहे मॅडम." त्यांनी शुभेच्छा दिल्या, आणि माझ्या खुर्चीची उशी कोणाला द्यायची ते विचारलं. मी शेजारच्या काउंटरवरच्या मुलीचं नाव सांगितलं. तिची पाठ दुखायची.

त्या हिवाळ्यात मी बहुतेक बसूनच राहिले. संघात माझं नाव 'धूल' पडलं ते पडलंच. आजही तिकडं माझं खरं नाव निम्म्यांना माहीत नाही. संध्याकाळी थर चढवायला मी इतरांबरोबर जायचे आणि दोन्ही गोलसमोरची जागा माझ्याकडंच यायची. ती गावातली मुलगी फडकं पिळून द्यायची, मी मागं सरकत सारवायचे. हळूहळू ती बोलायला लागली. पाती कशी टेकवायची, वारा सुटल्यावर बर्फ कसा बदलतो, हे तिनंच मला दाखवलं. तिला ठेचा एवढा तिखट लागला की ती डोळे पुसत पुसत पुन्हा मागायची.

पुढं तिची लष्करात निवड झाली आणि गोल माझ्याकडं आला. पण ते नंतरचं. मला खेळाडू म्हणून माझा पहिला दिवस विचारला, तर मी सामना जिंकल्याचा दिवस सांगत नाही. मॅडमना फोन केला त्याच्या दुसऱ्या सकाळचा सांगते.

सराव होता, सगळ्यांत आधी मी पोचले होते. मुलांच्या पात्यांची पांढरी भुकटी गोलसमोर तशीच पडलेली. मी आधी खोऱ्यानं ती बाजूला ओढली. मग उभी राहिले, आणि हात आपोआप थर्मासकडं गेला. झाकण उघडलं. वाफ वर आली. मी गोलकडं पाहिलं, भुकटीच्या ढिगाकडं पाहिलं, आणि पाणी पिऊन टाकलं.